वनस्पतिवृद्धीची संगणकीय प्रतिमाने व खानदेशातील केळी

वनस्पतीची वाढ व रचना यांचे नियम गणिताच्या भाषेत मांडून संगणकाच्या साहाय्याने ती वाढ पायरीपायरीने पुन्हा घडवून पाहण्याच्या पद्धतीस वनस्पतिवृद्धीचे संगणकीय प्रतिमान असे म्हणतात. प्रतिमान म्हणजे येथे माती किंवा मेणाची प्रतिकृती नव्हे. नवे पान केव्हा निघेल, ते किती प्रकाश शोषील, कोणती कळी फुटेल व कोणती सुप्त राहील, यांविषयीच्या नियमांचा तो एक सुसंगत संच असतो. बी किंवा रोप, हवामान व जमीन यांची माहिती पुरविली म्हणजे संगणक हे नियम दिवसामागून दिवस लावीत जातो. अखेरीस मिळणारी वनस्पती प्रत्यक्ष शेतातील वनस्पतीशी ताडून पाहिली जाते. दोन्ही जुळल्यास नियमांस पुष्टी मिळते, न जुळल्यास नियमांत कोठे उणीव आहे ते समजते.

वनस्पतीची वाढ एकाच वेळी अनेक पातळ्यांवर चालते. कोशिकेच्या (सजीवाच्या शरीरातील सूक्ष्म एककाच्या) पातळीवर मिलीमीटरच्या सहस्रांशाचे अंतर व काही तासांचा अवधी महत्त्वाचा असतो. पानाच्या पातळीवर सेंटिमीटर व दिवस, संपूर्ण झाडाच्या पातळीवर मीटर व महिने, बागेच्या पातळीवर हेक्टर व हंगाम, तर प्रदेशाच्या पातळीवर शेकडो चौ. किमी. व वर्षे यांचा विचार करावा लागतो. एका पातळीवरील नियम दुसऱ्या पातळीवर तसाच लागू पडतो असे नाही. म्हणून निरनिराळ्या पातळ्यांवरील ज्ञान एकत्र जोडणे हा या शास्त्राच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे. जळगाव व धुळे हे जिल्हे, म्हणजेच पूर्वीचा खानदेश, आणि तेथील केळीचे पीक यांच्या उदाहरणाने हा प्रश्न विशेष स्पष्ट होतो. कारण येथील हवामानात एका पातळीवरची सरासरी दुसऱ्या पातळीवर फसवी ठरते.

खानदेश : तापी नदीच्या खोऱ्यात, उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये हा प्रदेश पसरलेला आहे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. त्यांनाच पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे ही जिल्हानामे मिळाली. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा जिल्हा वेगळा झाला. काळी जमीन, विहिरी व कूपनलिकांचे पाणी आणि लोहमार्गाची सोय यांमुळे रावेर, यावल, चोपडा, भुसावळ, मुक्ताईनगर इ. तालुक्यांत केळीची लागवड मोठ्या प्रमाणावर वाढली. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात ती आढळते. रावेर, सावदा यांसारख्या स्थानकांतून केळी दिल्लीकडे जाऊ लागल्याने घड नेमका केव्हा कापणीस येईल, या प्रश्नास व्यापारी महत्त्व आले. २०१६ मध्ये जळगावच्या केळीस भौगोलिक निर्देशांक मिळाला.

केळ मूळची उष्ण व दमट प्रदेशांतील. खानदेश सु. २१° उत्तर अक्षांशावर, समुद्रापासून दूर व कोरडा आहे. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १०° से.च्या खाली उतरते, तर मे महिन्यात दुपारी ते ४४° से.च्याही वर जाते. या दोन टोकांना सांभाळून शेतकऱ्यांनी लागवडीचे दोन हंगाम बसविले आहेत. जून-जुलैमधील लागवडीस मृगबाग व ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील लागवडीस कांदेबाग म्हणतात. प्रथम लावलेल्या बागेस नवती व तिच्याच पिलांपासून वाढविलेल्या बागेस पिलबाग असे नाव आहे. थंडी व ऊन झाडाच्या वयाच्या कोणत्या टप्प्यावर येतील, याचा विचार या विभागणीत अंतर्भूत आहे.

केळीची रचना : केळीचे उभे दिसणारे खोड हे वस्तुतः खोड नसते. पानांचे तळाचे भाग (आवरके) एकमेकांभोवती घट्ट गुंडाळले जाऊन ते बनलेले असते. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद होय. कंदाच्या टोकाशी असलेल्या विभज्येतून (सतत विभागणाऱ्या कोशिकांच्या समूहातून) एकामागून एक पाने निर्माण होतात. प्रत्येक नवे पान सुरळीच्या स्वरूपात आभासी खोडाच्या मधून वर येते, त्यास पोंगा म्हणतात. उबदार हवेत सु. ७ ते १० दिवसांनी एक पान उलगडते. सामान्यतः ३० ते ४० पाने आल्यावर केळ निसवते, म्हणजे तिचा घड बाहेर पडतो. मात्र विभज्येचे फुलोऱ्यात रूपांतर त्याच्या कितीतरी आधी, सु. १० ते १२ पाने बाहेर यावयाची शिल्लक असतानाच, कंदात झालेले असते. घडात किती फण्या असतील हे बरेचसे त्याच वेळी ठरते. म्हणून घड लहान पडल्याचे कारण निसवणीच्या वेळच्या हवेत न सापडता दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या हवेत सापडू शकते [→ केळ].

या रचनेचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकात झाला. अलेक्झांडर स्कच (१९०४–२००४) या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये केळीच्या पानाच्या अंतर्रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये डब्ल्यू. जी. बार्कर व एफ. सी. स्टुअर्ड यांनी विभज्येपासून घडापर्यंतच्या विकासाचा सविस्तर आलेख मांडला. फ्रांसिस हाले व आर. ए. ए. ओल्डेमन यांनी १९७० मध्ये व पुढे पी. बी. टॉम्लिन्सन यांच्यासह १९७८ मध्ये उष्ण कटिबंधातील वृक्षांच्या वाढीचे २३ मूलभूत आराखडे सांगितले. त्यांतील टॉम्लिन्सन यांच्या नावाच्या आराखड्यात केळ मोडते. या आराखड्यात प्रत्येक प्ररोह (खोड व पाने मिळून होणारा भाग) फुलोऱ्यात संपतो आणि तळाच्या कळीतून तसाच नवा प्ररोह उभा राहतो. शेतकरी ज्यास पील किंवा मुनवा म्हणतात तो हाच. रचनेच्या या साधेपणामुळे केळ प्रतिमानासाठी सोयीची वनस्पती ठरते.

इतिहास : संगणकाच्या कितीतरी आधी वाढीचे पहिले संख्यात्मक प्रतिमान मांडले गेले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ रने आंत्वान फेर्शो द रेओम्यूर (१६८३–१७५७) यांनी १७३५ मध्ये असे सुचविले की, पीक पक्व होण्यास लागणारा काळ दिवसांत मोजण्यापेक्षा त्या दिवसांच्या तापमानांच्या बेरजेत मोजावा. या कल्पनेतून पुढे अंशदिन हे एकक रूढ झाले. दिवसाच्या सरासरी तापमानातून वाढ थांबते ते आधार-तापमान वजा केल्यास त्या दिवसाचे अंशदिन मिळतात. भारतात १९३२ मध्ये भारतीय वातावरणविज्ञान खात्याने पुणे येथे कृषी वातावरणविज्ञानाचा विभाग एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू केला आणि पीक व हवा यांच्या संबंधाच्या पद्धतशीर मोजणीस चालना मिळाली.

रचनेचा गणिती विचार वेगळ्या वाटेने वाढला. इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग (१९१२–५४) यांनी १९५२ मध्ये असे दाखविले की, दोन रासायनिक द्रव्ये एकमेकांशी विक्रिया करीत ऊतकात (समान कोशिकांच्या समूहात) पसरत गेल्यास मुळात एकसारख्या असलेल्या ऊतकातही आपोआप आकृतिबंध उमटू शकतो. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते मँचेस्टर येथील संगणकावर पानांच्या व फुलांच्या मांडणीचे गणित करीत होते. ते काम त्यांच्या निधनाने अपुरे राहिले.

१९६८ मध्ये हंगेरीत जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ ॲरिस्टिड लिंडेनमायर (१९२५–८९) यांनी वाढीसाठी एक प्रकारचे व्याकरणच तयार केले. त्यात वनस्पतीचा प्रत्येक भाग एका अक्षराने दर्शविला जातो व प्रत्येक पायरीस सर्व अक्षरांवर बदलाचे नियम एकदमच लावले जातात. उदा., ‘अ’ या प्रौढ कोशिकेपासून ‘अब’ व ‘ब’ या कोवळ्या कोशिकेपासून ‘अ’ होतो असे दोनच नियम घेतले, तर ‘अ’पासून अनुक्रमे अब, अबअ, अबअअब अशा माळा तयार होतात. त्यांतील कोशिकांची संख्या १, २, ३, ५, ८, १३ अशी वाढते. ही संख्यामालिका यूरोपात तेराव्या शतकात लिओनार्दो फीबोनात्ची यांच्या ग्रंथातून परिचित झाली, परंतु त्यापूर्वीच, बाराव्या शतकात, जैन आचार्य हेमचंद्र यांनी मात्रावृत्तांच्या प्रकारांची मोजणी करताना ती दिली होती. केळीसाठी असे व्याकरण लिहावयाचे झाल्यास ‘विभज्येपासून एक पान व पुन्हा विभज्या’, ‘ठरावीक पानांनंतर विभज्येपासून घड’ आणि ‘कंदावरील कळीपासून नवी विभज्या’ असे तीन मुख्य नियम पुरतात. लिंडेनमायर यांच्या पद्धतीस पुढे पशेमिस्लाव्ह प्रुसिनकिएविच यांनी त्रिमितीय चित्रांची जोड दिली व दोघांचा ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

फ्रेंच शास्त्रज्ञ फिलिप द रेफी यांनी १९७० नंतरच्या दशकात आयव्हरी कोस्टमध्ये कॉफीच्या झुडपांचे मोजमाप केले. प्रत्येक कळी वाढेल, विश्रांती घेईल किंवा मरेल यांच्या संभाव्यता त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणांवरून काढल्या आणि त्यांच्या आधारे संगणकावर झुडूप वाढविले. १९७९ मध्ये पूर्ण झालेल्या या प्रबंधाचा प्रश्न कृषिविषयक होता, फळांच्या भाराने वाकणाऱ्या व मोडणाऱ्या झाडांचा. मळ्यातील मोजणीतून निघालेले हे काम असल्याने त्यातील आकृती चित्रासारख्या दिसल्या तरी त्यांच्यामागे खरी झुडपे होती.

याच सुमारास उत्पादनाच्या प्रतिमानांची तिसरी धारा वाहू लागली. जपानमधील मासामी मोन्सी व तोशिरो साएकी यांनी १९५३ मध्ये पर्णसंभारातून खाली उतरणाऱ्या प्रकाशाचा नियम मांडला. पर्णक्षेत्र दुप्पट झाल्याने शोषलेला प्रकाश दुप्पट होत नाही, असे त्यावरून दिसते. समजा, जमिनीच्या प्रति चौ. मी.वर २ चौ. मी. पाने असताना ७०% प्रकाश अडविला जातो, तर ४ चौ. मी. पानांनी तो ९१% अडेल. कारण वरच्या पानांनी सोडलेल्या ३०% प्रकाशापैकीच ७०% खालची पाने घेतात. नेदर्लंड्समधील सी. टी. द विट (१९२४–९३) यांनी १९६५ मध्ये अशा नियमांवरून संगणकाच्या साहाय्याने संपूर्ण पिकाच्या प्रकाशसंश्लेषणाचा हिशेब केला. या प्रतिमानांत शेत म्हणजे हिरव्या पानांचा एकजिनसी थर असतो. त्यात झाड वेगळे दिसत नाही.

खानदेशचे दुसरे महत्त्वाचे पीक कापूस याबाबत या दोन दृष्टींचा मेळ लवकर पडला. अमेरिकेत १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॉसिम या प्रतिमानात कापसाच्या झाडावरील फळफांद्यांची पेरे, पात्या व बोंडे यांचा स्वतंत्र हिशेब ठेवला जाई व पाणी किंवा अन्न कमी पडल्यास किती पात्या गळतील हे काढले जाई. भारतात नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रमोद कुमार अग्रवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले इन्फोक्रॉप हे प्रतिमान २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात भारतीय हवामानात घेतल्या जाणाऱ्या अनेक पिकांबरोबर कापसाचाही समावेश होता. एका हंगामात पेरून वेचले जाणारे पीक प्रतिमानात बसविणे तुलनेने सोपे असते. वर्षभर व पिलांच्या रूपाने पुढेही चालणारी केळीची बाग त्या मानाने अवघड आहे.

केळीची प्रतिमाने : केळीच्या बाबतीत पायाभूत काम फ्रेंच अँटिलीस बेटांत झाले. झाक गान्री व जे. पी. मेयर यांनी १९७५ मध्ये असे दाखविले की, कॅव्हेंडिश गटातील केळीचे फळ भरण्यास १४° से. या आधार-तापमानावर सु. ९०० अंशदिन लागतात. बागेतील घडांवर निसवणीची तारीख नोंदवून ठेवली की, हवामानाच्या नोंदींवरून कापणीची तारीख वर्तविणे त्यामुळे शक्य झाले. डी. डब्ल्यू. टर्नर व ई. लाहाव यांनी १९८३ मध्ये नियंत्रित तापमानात केळी वाढवून दाखविले की, नवी पाने निघण्यास सु. ३१° से. तापमान सर्वांत अनुकूल असते, परंतु झाडाच्या शुष्क भारात सर्वांत जास्त भर त्याहून बऱ्याच कमी तापमानास पडते. पाने वेगाने निघणे व झाड सकस होणे या भिन्न क्रिया असून त्यांना एकच तापमान-नियम लावता येत नाही, हे यावरून सिद्ध झाले.

फिलिप तिक्सिए व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ग्वादलूप बेटावरील बागांसाठी सिंबा-पॉप हे प्रतिमान तयार केले. पहिल्या लागवडीत सर्व झाडे एकाच वयाची असतात, पण पिलांच्या प्रत्येक पिढीबरोबर त्यांच्या वयांत अंतर पडत जाते व काही वर्षांनी बागेत सर्व वयांची झाडे मिसळतात. म्हणून या प्रतिमानात एकेक झाड न मोजता समान अवस्थेतील झाडांचे गट पुढे सरकविले जातात. नवती बाग एकदम निसवते आणि पिलबाग मागेपुढे निसवत राहते, हा खानदेशातील शेतकऱ्यांचा अनुभव याच गणिताचे प्रत्यक्ष रूप होय. १९९० नंतरच्या दशकात जळगावच्या जैन उद्योगसमूहाने ऊतकसंवर्धित ग्रँड नैन जातीची रोपे पुरविण्यास सुरुवात केल्यानंतर नवती बागेतील झाडांची एकरूपता पूर्वीच्या कंदांपासून लावलेल्या बसराई बागांपेक्षा पुष्कळच वाढली. दोन्ही जाती कॅव्हेंडिश गटातीलच आहेत. लागवड १·५ मी. × १·५ मी. अंतराने केल्यास एका हेक्टरात सु. ४,४४४ झाडे बसतात. ती सर्व सारख्या वयाची असतील, तर थोड्या झाडांच्या मोजणीवरून संपूर्ण बागेविषयी अनुमान करता येते.

पातळ्या जोडण्याचे प्रयत्न : १९९८ मध्ये क्रिस्तॉफ गोदँ व इव्ह कारालियो यांनी एकाच वनस्पतीचे वर्णन फांदी, पेर, पान अशा अनेक पातळ्यांवर एकाच वेळी साठविण्याची गणिती चौकट मांडली. त्यानंतर रचना व कार्य यांचा एकत्र विचार करणारी प्रतिमाने वाढली. त्यांत प्रत्येक पानाचा आकार, कोन व जागा यांवरून त्याला मिळणारा प्रकाश काढतात आणि तयार झालेले अन्न कोणत्या अवयवाकडे जाईल ते ठरवितात. सूक्ष्म पातळीवर २००६ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी विभज्येतील कोशिकांमधून ऑक्सिन या वृद्धिद्रव्याच्या होणाऱ्या वहनाची प्रतिमाने मांडली. नवे पान नेमके कोठे उगवते याचे स्पष्टीकरण त्यांतून मिळाले. २०१२ मध्ये केळीच्या एका जातीच्या संपूर्ण आनुवंशिक द्रव्याचा क्रम प्रसिद्ध झाला व त्यात सु. ३६,५०० जनुके ओळखण्यात आली. तथापि जनुकांच्या यादीवरून घडाचे वजन काढता येत नाही. मधल्या प्रत्येक पायरीवर पान, झाड व बाग यांची मोजमापे लागतात.

खानदेशातील कसोटी : वरील नियम खानदेशास लावून पाहिल्यास त्यांच्या मर्यादा कळतात. समजा, जानेवारीतील एका दिवसाचे कमाल तापमान ३०° से. व किमान १०° से. आहे. सरासरी २०° से. होते व १४° से. वजा जाता ६ अंशदिन मिळतात. या वेगाने ९०० अंशदिन भरण्यास १५० दिवस लागतील. आता तापमान दिवसभरात नियमित लाटेप्रमाणे चढते-उतरते असे धरून तासागणिक हिशेब केला आणि १४° से.खालील तासांना शून्य मानले, तर त्याच दिवसाचे सु. ६·८ अंशदिन होतात व तोच काळ १३२–१३३ दिवसांवर येतो. हवा तीच, नियम तोच, तरीही केवळ दिवसाऐवजी तास हे एकक घेतल्याने सतरा दिवसांचा फरक पडला. रात्रीच्या थंडीने कोशिकांना होणारी इजा यांपैकी कोणत्याच हिशेबात येत नाही.

मे महिन्यात चूक उलट दिशेने व अधिक मोठी होते. कमाल ४४° से. व किमान २८° से. असल्यास सरासरी ३६° से. येते. साध्या नियमाने दिवसाला २२ अंशदिन मिळून फळ सु. ४१ दिवसांत भरावयास हवे. प्रत्यक्षात ३८° से.च्या पुढे केळीची वाढ जवळजवळ थांबते, पाने करपतात व घड सुकतात. अँटिलीस बेटांत सर्वांत थंड व सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरी तापमानांत थोड्याच अंशांचा फरक असल्याने तेथे बसविलेला सरळ रेषेचा नियम पुरेसा ठरला. खानदेशात वर्षातील बराच काळ तापमान त्या रेषेच्या दोन्ही टोकांबाहेर असते. तेथे वाढीचा नियम चढून पुन्हा उतरणाऱ्या वक्राचा असावा लागतो व तो तासागणिक लावावा लागतो.

पानांच्या निर्मितीचा परिणाम तर पुढील सर्व वेळापत्रकावर होतो. समजा, थंडीच्या ९० दिवसांत पान दर २० दिवसांनी निघाले, तर फक्त चार-पाच पाने मिळतील. आठ दिवसांनी निघाले असते तर अकरा मिळाली असती. हे सहा-सात पानांचे मागे पडणे उबदार हवेतील सु. ५० दिवसांच्या बरोबरीचे आहे. याच काळात निसवणी आली, तर खऱ्या खोडाची लांबी पुरेशी न वाढल्याने घड आभासी खोडाच्या तोंडाशी अडकतो. निसवणी लांबून ती एप्रिल-मेमध्ये आली, तर कोवळा घड उन्हात सापडतो. कांदेबागेची लागवड पंधरा दिवस मागेपुढे झाल्याने पुढच्या उन्हाळ्यात केवढा फरक पडतो, हे या हिशेबावरून कळते.

रचनेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो, कारण पानाचे तापमान हवेच्या तापमानाइतकेच असते असे नाही. बाष्पोच्छ्वासाने (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडण्याने) पान थंड होते. कडक उन्हात केळीच्या पानाच्या मध्यशिरेलगतच्या विशिष्ट कोशिकांच्या पट्ट्यांमुळे पाते दोन्ही बाजूंनी छपरासारखे खाली मिटते. खानदेशात मेच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. अशा वेळी पाते क्षैतिज पातळीपासून ६०° कलले, तर त्याच्या प्रत्येक चौ. सेंमी.वर पडणारे प्रत्यक्ष ऊन निम्मे होते. एस. ई. टेलर व ओ. जे. सेक्स्टन यांनी १९७२ मध्ये असेही दाखविले की, वाऱ्याने फाटून पट्ट्या झालेले केळीचे पान अखंड पानापेक्षा हवेत उष्णता लवकर सोडते. म्हणजे काही प्रमाणात फाटणे पानास उपकारक ठरू शकते. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावून वारा अडविला म्हणजे पाने फाटत नाहीत व बागेतील हवेचा दमटपणा टिकतो, पण उष्णता सोडण्याचा वेगही बदलतो. पाणी, वारा व पानाचा कोन यांचा एकत्र हिशेब न करता केवळ हवेच्या तापमानावरून बागेची अवस्था सांगणे म्हणूनच धोक्याचे असते.

आर्थिक महत्त्व : पातळ्यांचा हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. २०१६ पासून लागू असलेल्या पुनर्रचित हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत महाराष्ट्रातील केळीचा समावेश आहे. या योजनेत प्रत्येक बागेतील नुकसान मोजण्याऐवजी किमान किंवा कमाल तापमान ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे ठरावीक दिवस सलग राहिले की नाही, हे महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवरून पाहिले जाते व त्यानुसार भरपाई ठरते. हे नियमही एक प्रतिमानच आहेत. ‘इतके दिवस इतकी थंडी म्हणजे इतके नुकसान’ असे साधे गणित त्यांत गृहीत असते. मंडळातील सर्व गावांची हवा एका केंद्रासारखी असते, सर्व बागांचे वय सारखे असते व मर्यादेच्या एक अंश वरील थंडी निरुपद्रवी असते, अशी आणखी तीन गृहीते त्यामागे आहेत. थंड हवा जड असल्याने रात्री सखल भागात साचते. त्यामुळे तापीकाठच्या खोलगट शेतातील व उंचवट्यावरील तापमान सारखे नसते. सहाव्या पानावर असलेल्या झाडास व निसवणाऱ्या झाडास तीच थंडी सारखीच बाधते असेही नाही. नोंदीच्या आकड्यावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचे मोल अवलंबून असल्याने ही गृहीते तपासली जाणे आवश्यक ठरते.

त्यासाठी लागणारी सामग्री फार खर्चिक नाही. जळगाव येथील केळी संशोधन केंद्र व धुळे येथील कृषी महाविद्यालय ही दोन्ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत, तर तिरुचिरापल्ली येथे १९९३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र संपूर्ण देशासाठी कार्य करते. बागेतील काही झाडे खुणेसाठी निवडून प्रत्येक नवे पान उलगडल्याची तारीख, निसवणीची तारीख, फण्यांची संख्या व कापणीच्या वेळचे घडाचे वजन नोंदविणे हे काम शेतकऱ्यास किंवा विद्यार्थ्यासही करता येते. झाडांमधील तापमान व दमटपणा तासागणिक टिपणारे छोटे उपकरण त्यास जोडले, तर खानदेशच्या हवेत पान निघण्याचा वक्र काढता येतो. मृगबाग व कांदेबाग, नवती व पिलबाग यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात, अन्यथा त्यांची सरासरी पुन्हा फसवी ठरते.

विभज्येतील कोशिकेपासून महसूल मंडळापर्यंतच्या पातळ्या केळीच्या बाबतीत पान या एककाने सांधल्या जातात. खालच्या पातळीवर तापमान पानाचा वेग ठरविते आणि वरच्या पातळीवर पानांची संख्या निसवणीचा दिवस, पर्यायाने बागेची आवक ठरविते. संगणकाचा वेग व स्मृती यांत झालेल्या प्रचंड वाढीमुळे आता लक्षावधी पानांचा हिशेब क्षणात होऊ शकतो, परंतु त्याला पुरवावयाचे स्थिरांक त्या त्या प्रदेशातील झाडांवरच मोजावे लागतात. कॉफीच्या मळ्यातील कळ्या मोजून द रेफी यांनी जी पद्धत घालून दिली, तिची रावेर, यावल व शिरपूरच्या बागांनाही तितकीच आवश्यकता आहे.